तांदळाच्या दाण्याएवढी

आमच्या पिकअपची चावी लावायची एक पद्धत होती. आधी पूर्ण आत घालायची, मग तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर ओढायची, किंचित वर उचलून धरायची, डाव्या हातानं स्टिअरिंग थोडं आपल्याकडे ओढायचं आणि मग फिरवायची, पण फिरवताना जोर लावायचा नाही, जोर लावला की संपलं, परत पहिल्यापासून. एवढं जमलं की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागायचा. मग सेल मारायला, म्हणजे स्टार्टर फिरवायला, चावी आत दाबून अजून पुढं न्यायची, नेहमीपेक्षा जरा जास्तच, आणि इंजिन लागलं रे लागलं की स्वतःच्या हातानं मागं आणायची कारण ती आपणहून मागं येत नव्हती. हे सगळं नाना शिकवायचे आणि शिकवताना दर वेळी तो तांदळाचा दाणा यायचाच. भाऊ एकदा म्हणाला, कुठला तांदूळ नाना, आंबेमोहर का इंद्रायणी? तर नाना खरंच विचार करून म्हणाले, आंबेमोहर. इंद्रायणी जरा लांब पडंल.

गाडी २००४ ची. आमच्याकडं तिला कुणी कंपनीच्या नावानं ओळखत नाही, पिकअप म्हणजे पिकअप. नारायणगावच्या मार्केटला तरकारी न्यायची, सीझनला टोमॅटोची कॅरेटं, येताना खताच्या गोण्या, कधी लग्नाचं वऱ्हाड, कधी कुणाची म्हैस. ती चालू करू शकणारी माणसं सगळी मिळून तीन. नाना, भाऊ आणि वस्तीवरचा एक पोरगा जो बदली ड्रायव्हर म्हणून यायचा. नानांना याचा अभिमान होता. जत्रेत गाडी लावली की चावी आतच ठेवून यायचे आणि कुणी टोकलं की म्हणायचे, न्यायची त्यानं खुशाल न्यावी, चालू तर करून दाखव म्हणावं.

मला ते भारी वाटायचं लहानपणी. म्हणजे गाडी आपल्या माणसाला ओळखते वगैरे.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली. भाऊ चाकणला कंपनीत, त्याची शिफ्ट. तो बदली पोरगा दुसऱ्याच्या टेम्पोवर कायमचा लागलेला. शेतात मेथी-कोथिंबीर काढायला आलेली, ती काय नानांच्या डोळ्यासाठी थांबत नाही. मला गाडी येते, लायसन आहे, मी जुन्नरला कॉलेजात सीएचबीवर फिजिक्स शिकवते, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, म्हणजे सकाळ मोकळीच. म्हटलं मी नेते.

पहिल्या दिवशी घरून नानांनीच चालू करून दिली, खिडकीतून हात घालून, डोळ्यावर हिरवी पट्टी असताना. मार्केटला माल खाली झाला, हिशोबाची पट्टी हातात आली, आणि निघायच्या वेळी गाडी चालू होईना. मी दाणा ओढला, दाणा आत ढकलला, स्टिअरिंग हलवलं, चावी काढून ड्रेसला पुसून परत घातली. मागं टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. मग मदतीला एक जण आला, मग दुसरा, तिसरा, आणि मार्केटमधल्या माणसांना गाडीतलं कळत नाही असं कधी झालंय का, प्रत्येकाचा सल्ला वेगळा. "ताई, स्टिअरिंग लॉक झालंय." "ताई, बॅटरी बसली." बॅटरी कशी बसेल, दिवाच लागत नाहीये कारण चावीच फिरत नाहीये! शेवटी कुणाचं तरी बारा-तेरा वर्षांचं पोरगं कॅरेटाच्या थप्पीवरनं उतरलं, माझ्या हातून चावी घेतली, दोनदा खालीवर केली आणि चालू करून दिली. मी त्याला थँक्यू म्हणाले आणि घरापर्यंत त्याच्यावर चिडलेली होते.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी हायवेवर चावी पडली. पुणे-नाशिक रोडला, गाडी साठच्या स्पीडला, आणि चावी आपली खणकन क्लचच्या पायाशी. गाडी चालूच. मी कडेला घेऊन थांबले, हात थरथरत होते, नानांना फोन केला. ते म्हणाले, "हां, ती पडतीच. पडू दे. उतरताना उचलायची."

आता हे बरोबर होतं हे मला नंतर समजलं. चावी निघाली तरी आतलं बॅरल, म्हणजे चावीबरोबर फिरणारं नळकांडं, 'ऑन'वरच राहिलेलं होतं, आणि ते मागं फिरल्याशिवाय स्टिअरिंग अडकवणारा दांडा बाहेर येत नाही. पण त्या क्षणी मला वाटलं की आता स्टिअरिंग लॉक होणार आणि मी मेथीच्या गोण्यांसकट उसात. आणि मुळात फिरवलेल्या कुलपातून चावी निघते म्हणजे ते कुलूप कुलूप राहिलेलंच नाही, हे फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला तेव्हा तरी कळायला हवं होतं. नाही कळलं. गाडीच्या बाबतीत आपण घरातल्या माणसांचं फार ऐकतो.

खरा प्रकार झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात. पहाटे साडेचार, कडाक्याची थंडी, सेल मारला, इंजिन लागलं, आणि मी चावी मागं आणायला विसरले. म्हणजे एक-दोन सेकंदच, पण तेवढ्यात आतून कर्रर्र असा आवाज सुरू झाला, लोखंडावर लोखंड, मी घाबरून चावी मागं ओढली तर चावी एकटीच हातात आली आणि सेल मारणं चालूच. मग जळका वास. नाना घरातून ओरडत बाहेर, "बॅटरीची वायर काढ, वायर काढ!" दहा नंबरचा पाना कुठाय ते मला माहीत नाही, नानांना दिसत नाही, आईनं मोबाइलचा टॉर्च लावून धरला. तोपर्यंत स्टार्टर गेला. इंजिनाबरोबर तो फरफटला गेला आणि आतलं वायंडिंग जळलं. त्या दिवशी मेथी शेजारच्यांच्या टेम्पोतून गेली आणि स्टार्टर भरून आणायला जे पैसे गेले ते त्या मेथीत निघाले नाहीत.

मिस्त्री म्हणाला, बटण टाकून देतो ताई. एक खटका आणि एक बटण. खटका वर केला की करंट, बटण दाबलं की सेल. पाच मिनिटांचं काम, चावीची कटकटच गेली. अशा कितीतरी गाड्या मी बघितल्यात, डॅशबोर्डला भोक पाडून घरातल्या बेलचं बटण लावलेल्या. नानांचा त्याला पाठिंबा होता, आणि मला त्याचा राग आला, कारण वीस वर्षं जी चावी म्हणजे घराण्याची विद्या होती ती पाच मिनिटांत बेलच्या बटणावर द्यायला हा माणूस तयार. पण कुलूप दुरुस्त करून कुणीही चालू करील असं करायला तयार नाही! "ते कशाला खोलती. चाललंय ना." दुसरा उपाय म्हणजे नवीन अख्खा लॉक सेट, तोही मिळतो, पण मग दार आणि डिझेलच्या टाकीचं झाकण पण बदला नाहीतर तीन चाव्या सांभाळा. मी म्हटलं, मी खोलून बघते आधी.

इथं एक गंमत सांगते जी मला खोलायच्या आदल्या रात्री जाणवली. आपण याला इग्निशन लॉक म्हणतो, पण आमच्या गाडीत इग्निशन असं काही नाहीच. डिझेल आहे ती. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते म्हणून इग्निशन, डिझेलमध्ये हवा इतकी दाबतात की तीच तापून डिझेल पेटतं, ठिणगीचं काम नाही. आमच्या वस्तीवरून खोडदच्या दुर्बिणीच्या अँटेना दिसतात, ४५ मीटरच्या ३० आहेत त्या, आणि अमेरिकेत ग्रीन बँकला अशीच मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्याजवळ फक्त डिझेलच्या गाड्या नेतात, कारण पेट्रोल गाडीची ठिणगीसुद्धा दुर्बिणीला ऐकू जाते. तर डिझेल गाडीत चावी करते काय? 'ऑन' केलं की पंपावरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, उघडतो आणि डिझेल जायला वाट होते, अजून फिरवलं की सेल लागतो, बंद केलं की डिझेलची वाट बंद. बस. पूर्वी तर हे पण चावीकडं नव्हतं, जुन्या डिझेल गाड्यांना बंद करायला डॅशबोर्डखाली ओढायची दांडी असायची.

आणि चावीनं सेल मारायचा हे पण तसं अलीकडचंच. बिनहँडलचा सेल १९१२ ला आला, कॅडिलॅक गाडीत, चार्ल्स केटरिंगनं बनवलेला, त्याआधी सगळे पुढं उभं राहून हँडल मारायचे आणि हँडल उलटं बसून मनगटं मोडायची. पण त्यानंतरही कित्येक वर्षं सेलचं बटण वेगळं असायचं. एकच चावी फिरवून सगळं, हे क्रायस्लरनं १९४९ मध्ये आणलं. म्हणजे मिस्त्री मला देत होता तो उपाय जुगाड वगैरे नव्हता, सरळ १९४८ साल होतं.

अजून एक. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन पहिल्यांदा नीट चालून दाखवलं ते १८९७ ला, जर्मनीत ऑग्सबर्गला. आणि त्याच १८९७ ला आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आमच्या पडवीत त्या दोन्ही एकत्र येऊन बिघडल्या होत्या.

रविवारी सकाळी पडवीत जुना पेपर अंथरला. बॅटरीची मायनस वायर आधी काढली, आता पाना कुठाय ते माहीत होतं. स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर तीन स्टार स्क्रूंवर असतं, आमचं एकावर होतं. त्याच्यामागं लॉक. त्याला एक कपलर, वायरींचा, तो दाबून ओढला. आता लॉकची अख्खी बॉडी कॉलमवरून काढायची असेल तर अवघड, कारण तिथले बोल्ट मुद्दाम असे असतात की कारखान्यात आवळताना त्यांची डोकी तुटून पडतात, चोराला पाना लावायला काही शिल्लक राहू नये म्हणून. मला बॉडी काढायची नव्हती, फक्त आतलं बॅरल. ते काढायला चावी एक घर फिरवायची आणि बाजूच्या बारीक भोकातून आतली पिन दाबायची. त्या भोकात जाईल असं घरात काही नव्हतं. सायकलचा स्पोक कानशीनं टोकाला बारीक केला, घातला, दाबला, आणि बॅरल माझ्या हातात आलं. करंगळीएवढं.

ते काळं होतं. म्हणजे मूळ रंग कळतच नव्हता. रॉकेल मिळत नाही आता, डिझेलमध्येच बुडवून जुन्या ब्रशनं घासलं तर आधी काळं, मग करडं, मग पितळी चुरा निघाला, सोन्यासारखा, पेपरवर चमकत होता. ही वीस वर्षांची झिजलेली चावी आणि कुलपातल्या झिजलेल्या पितळी पत्त्या. पण त्या काळ्या लगद्याला एक वास होता आणि मला तो ओळखीचा वाटला, मी बोट नाकाशी नेलं. खोबरेल.

"नाना, यात खोबरेल घालत होता?"

"मग काय घालायचं? घट्ट झालं की दोन थेंब."

खोबरेल तेल चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली गोठतं. आपल्या न्हाणीघरात गोठतं तसंच कुलपात पण गोठणार! उन्हाळ्यात चावी बरी चालायची आणि डिसेंबरच्या पहाटे हट्टाला पेटायची, तेव्हा नाना म्हणायचे गाडीला थंडी वाजते. गाडीला काही वाजत नव्हती, आत तेलाचा खडा झालेला असायचा, धूळ आणि पितळ मिसळून, आणि त्यात पत्त्या रुतून बसायच्या. सेल मारल्यावर चावी मागं न येण्यातही त्याचा हात होता, कारण मागं आणणारी स्प्रिंग आधीच दमलेली आणि तिला हा चिखल ओढायचा. मी हे नानांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मग पॅराशूट नको, दुसरं कुठलं?

या कुलपाचं तंत्र फार साधं आहे. बॅरलला आडव्या खाचा असतात, प्रत्येक खाचेत पितळेची एक पातळ पत्ती, मधे चौकोनी भोक असलेली, आणि तिच्या बुडाशी केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. चावी नसली की स्प्रिंग पत्तीला बाहेर ढकलते, पत्तीचं टोक बॉडीच्या खाचेत अडकतं, बॅरल फिरत नाही. बरोबर चावी घातली की तिच्या चढउतारांवर सगळ्या पत्त्या बरोबर बॅरलच्या गोलाईत येतात, ना आत ना बाहेर, आणि बॅरल फिरतं. चावी झिजली की चढ बुटके होतात, पत्त्या अर्धवट राहतात. मग तुम्ही चावी जराशी ओढली की शेजारचा चढ त्या पत्तीखाली येतो आणि काम भागतं. तांदळाचा दाणा तो हा. नानांचा हात म्हणजे झिजलेल्या पितळाची भरपाई.

खाचा आठ होत्या. पत्त्या पाच.

मी दोनदा मोजल्या, पेपर झटकला, ब्रशमध्ये बघितलं. तीन खाचा रिकाम्या आणि आतून गुळगुळीत, म्हणजे आत्ता पडलेल्या नव्हत्या. नानांकडं बघितलं तर ते पट्टीच्या डोळ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मग हळूहळू निघालं. लई वर्षांपूर्वी आळेफाट्याला चावी अडकली होती, गाडीत माल, तिथं एकानं तीन पत्त्या काढून फेकून दिल्या आणि म्हणाला आता फिरंल. फिरली. पत्त्या कमी केल्या की कुलूप सैल होतं, अजून चार वेगळ्या चाव्यांनी पण उघडेल असं होतं, पण फिरतं.

म्हणजे चोराला खरं तर सोपंच होतं. एखादा चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून नेटानं फिरवला असता तरी जमलं असतं. दाणा ओढायचा नियम फक्त जो अदबीनं चावी लावेल त्याच्यासाठी होता.

आई पडवीच्या कडेला शेंगा फोडत बसली होती, ती तेव्हा बोलली. वर न बघता. ती कधी घुमवून बोलत नाही. म्हणाली, "हिच्या वहिनीच्या वेळेला गाडी दारात, चावी गाडीत आणि आम्ही दोघी गाडीत."

मला अर्धवटच माहीत होतं हे, मी तेव्हा हॉस्टेलला होते. वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या, दिवसांच्या आधी, नाना आणि भाऊ एका लग्नाला मोटरसायकलवर नगरकडं गेलेले. वहिनीला गाडी येते, माहेरी व्हॅन चालवायची ती. दोघी जाऊन केबिनमध्ये बसल्या. वहिनी चावी फिरवतीये, आई बॅटरीचा उजेड धरतीये, कळ आली की वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकायची आणि कळ गेली की परत चावी. अर्धा तास. दाणा ओढायचा हे दोघींना ऐकून माहीत होतं. नानांना फोन लावला तर ते फोनवर तेच सांगत होते, जोर लावू नको, जोर लावू नको. शेवटी १०८ आली, सगळं नीट झालं, पुतण्या आता पाचवीत आहे, आणि ही गोष्ट घरात कधी कुणी काढत नाही. काढायची तर कुणावर काढायची. गाडीला तर काहीच झालेलं नव्हतं, सकाळी नानांनी येऊन पहिल्या झटक्यात चालू केली.

नाना उठून आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दोनशेच्या काही नोटा होत्या, म्हणाले, चावीवाल्याकडंच जा, मिस्त्रीकडं नको.

चावीवाला एसटी स्टँडच्या बाहेर छत्री लावून बसतो, पुढं पेटी, पेटीवर चाव्यांचे झुबके. मी बॅरल आणि जुनी चावी पुढं केली. त्यानं चावी उन्हात धरून बघितली आणि परत दिली. म्हणाला, हिच्यावरून केली तर हिच्यासारखीच होईल, म्हातारीची नक्कल म्हातारीच होणार. दुसरी चावी आहे का गाडीबरोबर आलेली, न वापरलेली? नव्हती, गाडी घेतल्यावर वर्षाच्या आत विहिरीत गेली होती. मग त्यानं विचारलं ते मला कधी सुचलं नसतं. "क्लीनर साइडच्या दाराला लॉक आहे? ते काढून आण ताई."

गाडीच्या सगळ्या कुलपांना एकच चावी. त्यातलं सुरू करायचं कुलूप दिवसातून दहा वेळा फिरतं, ड्रायव्हरच्या दाराचं कधीतरी, आणि डाव्या दाराला बाहेरून चावी लावून कुणी बंद करत नाही, आतली खुंटी दाबली की झालं. त्यामुळं त्याच्या पत्त्या गाडी शोरूमच्या बाहेर आली तशाच असतात. मी घरी येऊन ते दाराचं कुलूप काढलं, आतल्या पत्र्याची क्लिप सरकवली की निघतं ते, आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. त्यानं फुंकर मारली, उघडलं, आणि आत सगळ्या पत्त्या पिवळ्याधमक. प्रत्येक पत्तीवर बारीक आकडा ठोकलेला होता, भिंगातून दिसणारा, कुठली किती उंच ते सांगणारा. तो आकडे वाचत गेला आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलनं लिहीत गेला. वीस वर्षं आई ज्या दाराला टेकून बसायची, त्या दारात मूळ चावी लिहून ठेवलेली होती.

कोरी चावी काढली, अलिगढहून येतात म्हणाला, शिकंज्यात धरली आणि त्रिकोणी कानशीनं कापायला सुरुवात केली. मशीन नाही. चार घासे, मग चावी दाराच्या कुलपात घालून बघायची, पत्ती किती वर राहिली ते नखानं चाचपायचं, परत दोन घासे. दाराच्या कुलपात सगळ्या खाचा नव्हत्या, टोकाकडची काही घरं त्याला आमच्या बॅरलमधल्या पत्तीवरून अंदाजानं काढावी लागली. मग बॅरलमधल्या पाचही पत्त्या काढून त्यानं पेटीतल्या डबीतून आठ नव्या भरल्या, नव्या म्हणजे कुठल्या तरी मेलेल्या कुलपांतल्या पण न झिजलेल्या. सगळी मजुरी साडेतीनशे. मी पाचशे दिले तर त्यानं दीडशे परत केले आणि वर दोन चाव्या केल्या आहेत म्हणाला, एक विहिरीसाठी.

राहिलं एकच. बॅरलच्या मागं एक चपटी जीभ असते, ती मागच्या वायरींच्या स्विचमध्ये बसते आणि त्याला फिरवते. ही जीभ झिजून इतकी सडपातळ झालेली की बॅरल बरंच फिरलं तरी स्विचला पत्ताच नाही, म्हणून सेलसाठी चावी जास्त पुढं न्यावी लागायची. मिस्त्री म्हणाला, वेल्डिंगचा एक टाका मारतो. मी नको म्हटलं, कारण ते पितळ नव्हतं, लोखंडही नव्हतं, मॅझॅक होतं, जस्ताची मिश्रधातू, जस्त, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची पहिली अक्षरं जोडून तिचं दुसरं नाव झामाक पडलेलं. चारशे डिग्रीच्या आतच ते वितळतं, टाका मारला असता तर जीभ थेंब होऊन खाली पडली असती. खताच्या खोक्याला असते ती पातळ लोखंडी पट्टी कापून, दुमडून, जिभेला टोपडं घातलं. चार वेळा घडी चुकली. पाचव्या वेळी टोपडं स्विचच्या खाचेत असं बसलं की हलवून सुद्धा हललं नाही. स्विच उघडून आतले जळके पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, मागं आणणारी स्प्रिंग नवी टाकली, ती बसवताना एकदा उडून तुळशीत गेली आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवून शोधली. तेल अजिबात नाही. पुतण्याच्या पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची पूड चावीला लावली आणि दहा वेळा आतबाहेर केली. तेल धूळ धरतं, शिसं धरत नाही.

बॅटरी जोडली. गाडी न्यूट्रलला आहे ते बघितलं आणि आईला म्हटलं, ये.

ती म्हणाली, मला नाही येत. म्हटलं, येण्यासारखं काही नाहीये त्यात. शेंगांचे हात पदराला पुसून ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली, पहिल्यांदाच चढली, चावी घातली आणि थांबली. दाणा ओढायची वाट बघत होती बहुतेक, कुणीतरी सांगेल म्हणून. मी म्हटलं, फिरव नुसती. लाल दिवा लागला. अजून फिरव. इंजिन लागलं तसा तिनं तव्यावरून काढावा तसा हात काढला, आणि चावी टक करून आपणहून मागं आली.

"एवढंच?" म्हणाली. बंद पण तिनंच केली. मग परत एकदा चालू केली, ते मात्र मी सांगितलं नव्हतं.

नानांची पट्टी निघाली, चष्मा आला, आणि एका सकाळी मी चहा टाकत असताना अंगणात खट्, खट्, असा आवाज येत होता. बाहेर बघितलं तर नाना गाडीत. नवी चावी आत घालायचे, दाण्याएवढी बाहेर ओढायचे, वर उचलायचे, स्टिअरिंग ओढायचे. चावी फिरत नव्हती. न झिजलेल्या कुलपात चावी दाणाभर जरी बाहेर राहिली तरी फिरत नाही. मी काही बोलले नाही, चहा गाळला. वहिनी सुट्टीला आलेली होती, ती ओट्यावर दात घासत उभी, तीही काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं इंजिन लागल्याचा आवाज आला.

त्या दिवशी ते म्हणाले, तूच चालव, मला अजून लांबचं नीट दिसत नाही, आणि क्लीनर साइडला बसले. पहाटेची थंडी, आम्ही वस्तीच्या बाहेर पडलो, त्यांच्या बाजूची काच अर्धी खाली होती आणि वारा आत येत होता. नानांनी हँडल फिरवलं, हँडल गरागरा फिरलं, काच जागची हलली नाही. परत फिरवलं. मफलर गुंडाळला. मग फोन काढून घरी लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अगं, ही काच कशी वर करायची?"

"आधी दोन्ही तळव्यांनी काच धरा," आई म्हणाली, "आणि हँडल फिरवायच्या आधी दाराला गुडघा लावा. खाली, ते गंजलंय ना तिथं. जोर नका लावू."